किटलीच्या पोटातलं सॉकेट

गणिताच्या मास्तराने वर्गाबाहेर पट्टी हातात घेऊ नये. मी घेतली.

तेवीस वर्षं मी पोरांना क्षेत्रफळ शिकवतोय. भिंत अमुक लांब, तमुक उंच, फरशी अमक्या मापाची, तर फरश्या किती लागतील? पोरं भागाकार करतात, उत्तर पूर्णांकात येतं, मी बरोबरची खूण करतो. पुस्तकातल्या त्या भिंतीवर कधी स्विचबोर्ड नसतो. नळ नसतो, खिडकी नसते, आणि मागे उभं राहून ‘अहो, हे वाकडं दिसतंय’ म्हणणारी बायको तर मुळीच नसते. गेल्या मे महिन्यात आमच्या ओट्यामागे टाइल्स लावायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात ही पुस्तकातली भिंत होती.

टाइल्सची गरज काय, असं धर्माबादेत कोणी विचारत नाही. आमचं गाव लाल मिरचीचं. हंगामात बाजाराच्या बाजूने वारा सुटला की अख्खी गल्ली शिंकते आणि पाहुण्यांना वाटतं साथ आली. अशा गावात फोडणी म्हणजे काय प्रकार असतो ते सांगायला नको. आमच्या शेगडीमागच्या भिंतीवर गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या फोडण्यांची नोंद होती. खाली हळदीचा पिवळा पट्टा, त्याच्यावर तिखटाचा तांबूस, आणि सगळ्यात वर तेलाचा एक चिकट थर, ज्यावर एकदा एक पाल चिकटली आणि बराच वेळ विचार करत बसली. ऑइलपेंट दोनदा मारून झाला होता. दोन्ही वेळा पहिल्याच ठेच्याने त्याची अब्रू घेतली. तेव्हा बायको म्हणाली, आता टाइल्स. मी म्हणालो, दोन दिवसांचं काम आहे.

भिंतीवर पाच बोर्ड आहेत, ही गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती. म्हणजे दिसत होते, पण माहीत नव्हते.

पहिला बोर्ड ओट्यापासून जेमतेम चार बोटं वर. कणीक मळताना पाण्याचा शिंतोडा उडाला की तो हमखास स्विचवर. हा मुळात इतका खाली नव्हता. घर बांधलं तेव्हा ओटा कडप्प्याचा होता आणि खाली शहाबादी. एक फरशी आंध्रातून, एक कर्नाटकातून, राबणारी बाई मराठवाड्यातली, असं ते स्वयंपाकघर होतं. पुढे जमिनीवर नवी फरशी बसली, मग ओट्यावर ग्रॅनाइट बसलं, प्रत्येक वेळी खालची बाजू दोन-अडीच इंच वर आली. बोर्ड आपल्या जागी इमानदारीत उभा राहिला आणि ओटा त्याच्या गळ्याशी आला.

दुसरा बोर्ड बरोबर शेगडीच्या मागे. तिथे एकेकाळी फ्रिज होता. मग वास्तुशास्त्र वाचलेले एक नातेवाईक दोन दिवस मुक्कामाला आले आणि जाताना आमची शेगडी आग्नेयेला ढकलून गेले. फ्रिज पॅसेजमध्ये गेला, त्याचा सोळा अँपिअरचा जाड प्लग मात्र ज्वाळांच्या दर्शनाला मागे राहिला. तिसरा, पाणी शुद्ध करायच्या यंत्राचा, कोपऱ्याला इतका चिकटून की त्याची झाकणपट्टी शेजारच्या भिंतीला टेकलेली. चौथा, मिक्सरचा, रोजच्या वापरातला, शहाण्या उंचीवर, पण तिरका. आणि पाचवा म्हणजे नुसतं एक काळं, गोल, दोन भोकांचं बॅकेलाइटचं सॉकेट, भिंतीच्या साधारण मधोमध. वडिलांनी रेडिओसाठी बसवून घेतलेलं. दाढी करता करता परभणी आकाशवाणीच्या बातम्या ऐकू याव्यात म्हणून. रेडिओ गेला, सॉकेटमागची वायरही कधीतरी उंदरांनी खाल्ली. सॉकेट राहिलं.

ही पाचही ठिकाणं ठरवताना आमच्या घरात एक गोष्ट समान होती. ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला कोणीही विचारलं नव्हतं. घराला नुसत्या विटा असताना वडील, गवंडी आणि वायरमन असे तिघे त्या खोलीत उभे राहिले असणार, एकाने हात वर करून ‘इथं’ म्हटलं असणार, आणि दुसऱ्याने खडूने फुली मारली असणार. त्या हाताची उंची म्हणजे आमच्या बोर्डाची उंची. आईला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘मी तवा माहेरला होते. आले तर भोकं पडलेली.’’ हे फक्त आमच्याकडेच होतं असं समजू नये. फिटिंगच्या स्वयंपाकघराची जी पहिली मोठी योजना जर्मनीत फ्रँकफर्टला 1926 साली झाली, ती मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या बाईंनी आखलेली. पाऊल किती पडतं, हात कुठवर पोचतो याची मोजमापं घेऊन. आणि त्याच बाईंनी पुढे सांगून टाकलं की तोवर आपण कधी स्वयंपाक केलेलाच नव्हता. म्हणजे तिथे बाई होती, पण ओट्याशी उभी राहिलेली नव्हती. आमच्या वडिलांना मी माफ केलं.

टाइल्स आणायला निजामाबादला गेलो. नांदेडपेक्षा ते आम्हाला जवळ, आणि दुकानदाराशी तेलुगूत घासाघीस केली की दहा टक्के सुटतात असा गावात समज आहे. दुकानात भिंतभर टाइल्स, सगळ्या मोरबीहून आलेल्या. गुजरातचं हे एक गाव आपल्या भिंतींच्या राशीलाच बसलेलं आहे. भिंतीवरची घड्याळंही तिथलीच आणि टाइल्सही तिथल्याच.

साध्या पांढऱ्या टाइल्स पसंत करायला पाच मिनिटं लागली. दीड तास लागला हायलायटरला. हायलायटर म्हणजे मधल्या रांगेत मिरवायच्या चित्राच्या टाइल्स. त्या चित्रांत काय नव्हतं! स्ट्रॉबेरी होत्या, किवी होती, उंच दांड्याच्या पेल्यातली द्राक्षाची दारू होती, कॉफीच्या बियांचा ढीग होता. एका टाइलवर पावाचा लांबडा दांडा आणि शेजारी छिद्रं पडलेलं चीज. आमच्या घरात यांतलं काहीच कधी शिजलेलं, चिरलेलं किंवा प्यालेलं नाही. बायकोने सगळं पाहून घेतलं आणि विचारलं, ‘‘मिरचीचं नाही का?’’

‘‘मिरची चालत नाही, अक्का,’’ दुकानदार म्हणाला.

धर्माबादच्या बाईला हे ऐकायला लागावं! शेवटी तडजोड म्हणून किटली आणि दोन कपांचं चित्र घेतलं. चहा निदान आम्ही पितो. सहा टाइल्स घेतल्या. सहाच. हा ‘सहाच’ शब्द लक्षात ठेवा.

दुकानदार टाइलला ‘बारा बाय अठरा’ म्हणाला. मी घरी येऊन मोजली. तीनशे बाय साडेचारशे मिलिमीटर. बारा इंच म्हणजे तीनशे चार पूर्णांक आठ दशांश. प्रत्येक टाइलमागे जवळपास पाच मिलिमीटर रुंदी आणि सात मिलिमीटर उंची नुसती नावापुरती. मी हे कागदावर मांडून बायकोला दाखवलं. ती म्हणाली, ‘‘ब्लाउजपीसही कधी पुरं मीटरभर नसतं.’’

मिस्त्री बासरच्या बाजूचा होता. आमच्याकडचे बरेच कसबी लोक पलीकडून येतात, आणि आमचे बरेच लोक पलीकडे जातात. राज्याची हद्द फक्त एसटीच्या रंगावरून कळते. मिस्त्रीची भाषा तेलुगू, मराठी आणि दखनी हिंदी यांची एकत्र कालवलेली. पण त्याचे मुख्य शब्द दोनच. पहिला, ‘एम कादु’, म्हणजे काही होत नाही. दुसरा, ‘रेपु’, म्हणजे उद्या. तेलंगणात एकेकाळी भूत घरात येऊ नये म्हणून लोक दारावर लिहून ठेवत, ‘ओ स्त्री, रेपु रा’. बाई, उद्या ये. रोज रात्री भूत यायचं, वाचायचं आणि उद्या यावं म्हणून परत जायचं. त्या भुताच्या मनाची अवस्था काय होत असेल, ते मला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात समजलं.

मिस्त्री आला तो दिवस मात्र मोठा झाला. त्याने आल्याबरोबर आईच्या घंगाळात पाणी भरून टाइल्स बुडवल्या. भिंतीची टाइल कोरडी बसवली तर ती सिमेंटातलं पाणी ओढून घेते आणि मग पकड धरत नाही. म्हणून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ती भिजवायची. आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘‘हरबरे भिजू घातल्यावानी घातलास की रे.’’ मिस्त्रीने मान डोलावली. त्याची आणि आईची तिथून जी गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली, आणि पुढच्या सगळ्या निर्णयांत मी अल्पमतात गेलो.

मग त्याने पिशवीतून एक पिवळी पट्टी काढली, मधल्या काचेत हिरवा थेंब असलेली. तिला तो ‘रसमट्टम’ म्हणे. ती त्याने चौथ्या बोर्डाच्या डोक्यावर ठेवली. थेंब सरसर एका टोकाला पळाला.

‘‘तिरपं हाय, सर.’’

मी म्हणालो, असू दे, इतकी वर्षं कोणाला दिसलं नाही. तो हसला. ‘‘आता दिसणार.’’

हे वाक्य त्याने दगडावर कोरून ठेवावं. चुना-सिमेंटाची साधी भिंत ही पोटात घालणारी असते. तिच्यावर तुम्ही बोर्ड वाकडा लावा, खिळा तिरका ठोका, ती काही बोलत नाही. टाइल लावली की त्याच भिंतीचा आलेखाचा कागद होतो. उभ्या रेघा, आडव्या रेघा, आणि त्या रेघांच्या शेजारी बोर्डाचा प्रत्येक सूत उघडा. मिस्त्रीच्या हिशेबात आठ सूत म्हणजे एक इंच. आमचा बोर्ड टोकापासून टोकापर्यंत तीन सूत उतरलेला निघाला. कुणी लक्ष दिलं नाही तोवर तो सरळ होता.

वायरमनला बोलावणं भाग पडलं. त्याने येऊन बोर्डाकडे पाहिलं, टाइल्सकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘मी तर लेव्हलनंच बसविलो होतो सर. तुमची भिंतच तिरपी हाय.’’ मिस्त्री म्हणाला, भिंत सरळ आहे, डोकं तिरपं आहे. इथून त्या दोघांत जो तंटा सुरू झाला त्याचं स्वरूप असं : वायरमनचं म्हणणं, आधी टाइल लाव, किती जाड होते ते कळू दे, मग मी डबी बाहेर ओढतो. मिस्त्रीचं म्हणणं, आधी डबी सरळ कर, मग मी टाइल कापतो. एक म्हणे तू आधी, दुसरा म्हणे तू आधी. आमच्या तालुक्यात बाभळीला गोदावरीवर बंधारा आहे. त्याच्या दरवाजांवरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली, आणि 2013 साली सुप्रीम कोर्टाने तारखाच ठरवून दिल्या. 1 जुलैला दरवाजे वर, 29 ऑक्टोबरला खाली, आणि 1 मार्चला 0.6 टीएमसी पाणी पलीकडे सोडायचं. कोणाला आवडो न आवडो, तारीख म्हणजे तारीख. माझ्या स्वयंपाकघराला असं कोर्ट नव्हतं. होती ती आई. तिने निकाल दिला, ‘‘दोघंबी उद्या सकाळी एकदम या. च्या टाकते.’’

दोघं एकदम आले. चहा झाला. वायरमनने मेन बंद केला, पाचही बोर्डांच्या झाकणपट्ट्या काढल्या, आणि भिंतीला पाच जखमा दिसू लागल्या. मिस्त्रीने कटर हातात घेतला, वायर हातात धरून तो खोलीभर फिरला आणि माझ्याकडे पाहिलं.

कटर विजेवर चालतो.

म्हणजे बोर्डाभोवती टाइल बसवायची तर वीज बंद पाहिजे, आणि बोर्डासाठी टाइल कापायची तर वीज चालू पाहिजे. हे गणित मी बराच वेळ डोक्यात फिरवलं. शेवटी शेजारच्या वहिनींच्या खिडकीतून वायर ओढली. वायर त्यांच्या घरची, बिल त्यांचं, कटरचा धुरळा त्यांच्या वाळवणावर. त्या वर्षीच्या त्यांच्या कुरडयांत मोरबीची माती आहे. त्यांनी काही म्हटलं नाही, पण दुसऱ्या दिवशी कुरडयांचा वाटा आला तो नेहमीच्या निम्मा.

कटरचा प्लग वहिनींच्या सॉकेटात बसत नव्हता, म्हणून मध्ये एक जोड लावावा लागला. या प्लगांची एक गंमत आहे. आपले हे गोल पायांचे तीन पिनी प्लग मूळचे इंग्रजांचे, 1934 च्या ब्रिटिश मापातले. 1947 साली इंग्रजांनी चौकोनी पायांच्या नव्या प्लगचं माप छापलं आणि पुढे स्वतःच्या घरातून गोल पाय हद्दपार केले. म्हणजे हिंदुस्थान आणि हा प्लग, दोघांनाही त्यांनी एकाच साली सोडायला घेतलं. आपण स्वातंत्र्यही घेतलं आणि प्लगही ठेवून घेतला. आमच्या मराठवाड्याची तर आणखी एक पायरी. आम्ही निजामातून सुटलो ते 17 सप्टेंबर 1948 ला. तोवर तो प्लग तिकडे जुना झाला होता, आणि आमच्या गल्लीत आज तोच सहा अँपिअरचा बारीक पायवाला सोळा अँपिअरच्या जाड भोकात काडेपेटीच्या काड्या घालून बसवतात.

आता मांडणी. टाइल कुठून सुरू करायची हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात केली तर दुसऱ्या कोपऱ्यात दोन बोटांची चिंधी उरते, ती दिसायलाही वाईट आणि कापताना हमखास तडकते. म्हणून मध्यरेघ काढून दोन्हीकडे सारखं वाटत जायचं. बोर्ड चार टाइल्सच्या मिळणीवर आला तर सगळ्यात सोयीचं, प्रत्येकीचा एक कोपरा कापला की झालं. दोन टाइल्सच्या सांध्यावर आला तर दोन खाचा. आणि बोर्ड एकाच टाइलच्या पोटात आला तर मात्र मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडते, कारण मध्ये खिडकी कापायची आणि बाजूची चौकट शाबूत ठेवायची. खाचेच्या आतल्या कोपऱ्यातून टाइल तडकते. म्हणून शहाणा कारागीर आधी त्या कोपऱ्यात बारीक भोक पाडतो आणि मग पातं तिथवर आणून थांबवतो. हे मी अभ्यासपूर्वक सांगतोय. आमच्या चार टाइल्स या माहितीच्या शुल्कात गेल्या.

पाच बोर्ड, एक मध्यरेघ. रांग दोन इंच वर सरकवली की फ्रिजचा बोर्ड सांध्यावर यायचा, पण कोपऱ्यातल्या पाण्याच्या यंत्राखाली चिंधी उरायची. डावीकडे सरकवली की चिंधी जायची, पण मिक्सरचा बोर्ड एका टाइलच्या बरोब्बर बेंबीत. रात्री मी वहीत चार समीकरणं मांडली. पाच अज्ञातं होती. पहाटेपर्यंत सहावं सापडलं.

धीर यावा म्हणून मी मोठ्यांची उदाहरणं आठवू लागलो. इथून काही तासांवर बिदरला महमूद गावानचा मदरसा आहे, 1472 सालचा. त्याच्या दर्शनी भिंतीवर निळ्या-हिरव्या झिलईच्या टाइल्स, इराणी धाटणीच्या, अजूनही तुकड्या-तुकड्यांनी शाबूत. नक्षीत अक्षरं गुंफलेली, आणि कुठे एक सूत चुकलेला नाही. मी शाळेची सहल घेऊन गेलो होतो तेव्हा त्या भिंतीसमोर नुसता उभा राहिलो होतो. आता वाटतं, त्यात काय मोठं? त्यांना बोर्ड कुठे होते? आणि तरी वीज तिथेही आडवी आलीच. औरंगजेबाच्या काळात, 1696 साली, त्या इमारतीत ठेवलेल्या बंदुकीच्या दारूवर वीज पडली आणि समोरची एक बाजूच उडाली असं सांगतात. टाइल्स आणि वीज यांचं पूर्वीपासूनच जमत नाही.

शेवटी आईच्या बहुमताने मांडणी ठरली. चारही चालू बोर्ड सोयीच्या जागी येत होते. फक्त वडिलांचं ते काळं गोल सॉकेट एका हायलायटरच्या मधोमध येत होतं. किटलीच्या बरोबर पोटात.

मिस्त्री म्हणाला, ‘‘ते बंदच हाय ना? वरून टाइल मारतो. एम कादु.’’ मला पटलं. बायकोला पटलं. वायरमननेही, पहिल्यांदाच, मान डोलावली.

आई म्हणाली, ‘‘काहून झाकायलास? असू दे की. खायाला मागायलंय का ते?’’

‘‘आई, त्याला वायरच नाही.’’

‘‘नसू दे. कशाला तरी लागतंय.’’

आमच्या घरात ‘कशाला तरी लागतंय’ या कलमाखाली एक फुटका कंदील, तीन बिनझाकणाचे डबे आणि माझी आठवीची गाईडं आजवर टिकून आहेत. या कलमाला अपील नाही. तेव्हा किटलीच्या पोटात गोल भोक पाडायचं ठरलं, आणि भोक एकदाच पाडता येत असल्यामुळे माप अचूक पाहिजे होतं. मिस्त्री सुतांत बोलत होता. मी म्हणालो, थांब, हे मिलिमीटरचं काम आहे. आणि शाळेच्या पिशवीतून पट्टी काढली.

माझा अक्षराभ्यास बासरच्या सरस्वतीसमोर झालेला आहे. आजोबांनी मला मांडीवर घेऊन तांदळात बोटाने अक्षर काढून घेतलं होतं. अंकांचं बहुधा त्या दिवशी राहून गेलं. मी शेजारच्या बसलेल्या टाइलच्या कडेला पट्टीचं टोक टेकवलं, सॉकेटच्या मध्यापर्यंतचं माप वाचलं. खालच्या टाइलवर टोक टेकवलं, उभं माप वाचलं. दोन्ही आकडे मोठ्याने सांगितले. मिस्त्रीने टाइलवर खूण केली, गोल कटर लावला, बायकोने वरून पाण्याची धार धरली, आणि किटलीच्या पोटात सुबक, गुळगुळीत, एका दमात भोक पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

टाइल भिंतीला लावून पाहिली. भोक डावीकडे आणि खाली सरकलेलं.

दर वर्षी जूनमध्ये, पाचवीच्या वर्गात, पट्टीचा धडा येतो तेव्हा मी एक वाक्य तीनदा सांगतो. पोरांनो, मोजताना पट्टीचं टोक नाही लावायचं, शून्याची रेघ लावायची. टोक आणि शून्य यांच्यात थोडी जागा सोडलेली असते. तीनदा. फळ्यावर आकृती काढून. ती थोडी जागा म्हणजे पाच मिलिमीटर असते, हे मला आता स्वतःच्या अनुभवाने सांगता येतं.

कोणी काही बोललं नाही. मिस्त्रीने पकड घेऊन भोकाची उजवी-वरची कड उंदरासारखी कुरतडली. दुसरी हायलायटर काढून पुन्हा करू म्हटलं तर ती कटर लावताच तडकली. उरलेल्या चारांना मधल्या रांगेत जागा ठरलेली. दुकानात फोन केला तर ती किटली आता येत नाही, स्ट्रॉबेरी आहे, पाठवू का? म्हणून तीच टाइल बसली. सॉकेटच्या एका बाजूला टाइल अगदी चिकटून, आणि दुसऱ्या बाजूला, खाली डावीकडे, बीजेच्या चंद्रासारखी एक कोर. तिच्यातून आतला सिमेंटचा अंधार दिसतो.

त्यानंतर माझ्या हातात पट्टी दिली गेली नाही. बायकोने जुनं वर्तमानपत्र घेतलं, बोर्डाच्या खाचेवर धरलं, बोटाने कड दाबून घडी पाडली आणि कात्रीने कापलं. ब्लाउजचा गळा बेततात तसं. तो कागद तिने टाइलवर ठेवला, पेन्सिल फिरवली. ना इंच, ना सूत, ना मिलिमीटर. तिरक्या बोर्डाचा तिरकेपणाही कागदात आपोआप उतरला, आणि टाइल अशी बसली की तीन सूत कुठे गेले ते रसमट्टमलाही कळेना. मिस्त्री कागदाकडे बघत राहिला. म्हणाला, ‘‘अक्का, रेपु तुम्ही येता का माझ्यासोबत? उमरीला एक काम हाय.’’ पुढचे तिन्ही बोर्ड कागदावर झाले. एकही टाइल तडकली नाही. वर्तमानपत्राच्या त्या पानावर दहावीच्या निकालाची बातमी होती, आणि गणिताचा गळा कापला गेला होता, हा योगायोग मी कोणाला दाखवला नाही.

वायरमनचा बदला शिल्लक होता. टाइल आणि तिच्यामागचं सिमेंट धरून भिंत पाऊण इंच जाड झाली होती, पण लोखंडी डब्या होत्या तिथेच, आत. झाकणपट्टीचे स्क्रू आता पोचेनात. ‘‘मी म्हणलो नव्हतो?’’ असं तो पाच वेळा म्हणाला, डबीगणिक एकदा. सर्वांत शेवटी त्या निर्जीव गोल सॉकेटपाशीही. मग लांब स्क्रू आणायला गेला. ते धर्माबादेत मिळेनात, नांदेडला मिळाले. गाडीने जाऊन-येऊन तिकीट स्क्रूंपेक्षा महाग पडलं. तो दिवस धरून दोन दिवसांच्या कामाचा सतरावा दिवस होता. ग्राउटिंगचं थोडं काम राहिलं आहे, त्यासाठी मिस्त्री रेपु येणार आहे. हे मी ऑगस्टमध्ये लिहितोय.

भिंत मात्र छान दिसते. पाहुणे येतात, पांढऱ्या टाइल्सवर हात फिरवतात, ठसका लागेल इतकी फोडणी दिली तरी एका फडक्यात साफ. किटल्या बघून एक-दोघांनी विचारलं, ही मधली विजेवरची आहे का? आम्ही हो म्हणतो.

एकच अडचण निघाली. कॅलेंडर. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, एकादशी, वायरमनचे राहिलेले दीडशे, हे सगळं ज्या पानावर असतं ते कालनिर्णय पूर्वी शेगडीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं असे. टाइलमध्ये खिळा ठोकता येत नाही. ठोकून पाहिला असता, पण कोणी हातोडी देईना. चार दिवस कालनिर्णय फ्रिजवर आडवं पडून होतं आणि दूधवाल्याने त्या चार दिवसांत आठ लिटर लावले.

पाचव्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई स्टुलावर. तिने ‘कशाला तरी लागतंय’मधून एक दोन पिनांचा, बिनवायरचा जुना प्लग शोधून काढला होता. तो तिने किटलीच्या पोटातल्या सॉकेटात घट्ट बसवला, आणि त्याला दोरी अडकवून कॅलेंडर टांगलं. भिंतीच्या बरोबर मधोमध, सगळ्यांना दिसेल असं, हात पोचेल अशा उंचीवर. उतरताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कोर कॅलेंडरच्या मागे झाकली गेली आहे. फक्त महिन्याच्या एक तारखेला पान उलटताना दिसते. ते काम बायकोने माझ्याकडे दिलंय. परवा मी हळूच म्हटलं, तूच उलट की, तुझा हात तिथेच असतो. ती पोळी लाटत होती. म्हणाली, ‘‘तुमची कोर आहे, तुम्हीच बघा.’’ मी पान उलटलं. वर छापील चौकटीत पौर्णिमा होती, आणि मागे नेहमीप्रमाणे बीज.